पडद्याबाहेरची फळी

ताईच्या नाकावर राग कायम बसलेला असायचा, आणि तो तिथं शोभूनही दिसायचा. निर्वासितांच्या निवाऱ्यात ती समाजसेविका म्हणून नोकरीला होती, पण ‘सेवा’ हा शब्द कुणी उच्चारला की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. “सेवा देवाची करा, माणसांचं काम करा,” असं ती सुनवायची.

निवारा म्हणजे बंद पडलेल्या सूतगिरणीचं गोदाम. डोंगरापलीकडे लढाई पेटली आणि गावंच्या गावं नेसत्या वस्त्रानिशी इकडे आली. गोदामात दोऱ्या बांधून जुन्या चादरी टांगल्या होत्या आणि प्रत्येक चादरीमागे एक कुटुंब राहत होतं. दार नव्हतंच, त्यामुळे वाटेल तो चादर सारून आत डोकवायचा. औषधं देणारे, फोटो काढणारे, चांगुलपणानं ओसंडून वाहणारे, सगळेच. आत कुणी कपडे बदलत असेल, नवराबायको भांडत असतील, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. मदत घेणाऱ्याला कसली आलीय लाज, असाच सगळ्यांचा समज होता.

नवी असताना ताईसुद्धा त्यातलीच. कोपऱ्यातल्या चादरीमागे एक म्हातारी आणि तिची तरुण सून राहायच्या. थंडी पडली तशी ताई घोंगडी घेऊन मोठ्या हौसेनं आत शिरली, आणि सून किंचाळून खाटेखाली घुसली. म्हातारीला सगळे आजी म्हणत. तिनं ताईला हाताला धरून बाहेर आणलं.

“माणसं आमचं दार फोडून आत आली होती, बाई. त्या दिवसापासून हिच्या तोंडाला कुलूप लागलंय. तू चांगली आहेस. पण शिरलीस त्यांच्यासारखीच.”

हे ताईच्या जिव्हारी लागलं. ती तडक सुतारकाकांकडे गेली. तेही तिथलेच, तिसऱ्या रांगेत राहणारे.

“काका, प्रत्येक चादरीबाहेर एक फळी टांगायचीय. वाजवायला.”

काका हसले. “दाराचा पत्ता नाही, ताई, आणि कडीची हौस?”

“दार त्यांनी फोडलं. कडी तरी आपण लावू.”

काकांचं हसू मावळलं. मदतीच्या सामानाची खोकी फोडून त्यांनी फळकुटं काढली, घासून गुळगुळीत केली आणि चादरींबाहेर टांगली. ताईनं कायदा केला. फळी वाजवायची, थांबायचं, आतून ‘या’ आलं तरच जायचं. नाही आलं तर आल्या पावली परत, मग तुम्ही कितीही मोठे असा. चार दिवसांत तिचं नाव टकटकताई पडलं. घरी सासूबाई म्हणाल्या, “माझ्या खोलीत वादळासारखी घुसतेस आणि तिकडे टकटक! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.” तेव्हापासून ती घरीही दार वाजवू लागली.

कोपऱ्यातली फळी ती रोज वाजवायची. उत्तर यायचं नाही. ती थोडी थांबायची आणि निघून जायची. असे कित्येक आठवडे गेले. मग एका सकाळी आतून खांबावर कुणीतरी हलकेच टकटक केलं. आजी तर नळावर होती. ताई स्वयंपाकघरामागे जाऊन पोटभर रडली आणि डोळे पुसून पुन्हा कामाला लागली.

आणि नेमका त्याच सुमारास एक मोठे पाहुणे येणार म्हणून निरोप आला. निवारा चालायचा तो त्यांच्या मदतीवर. व्यवस्थापकांनी ताईला बोलावून फर्मान सोडलं, “उद्या सगळ्या चादरी वर बांधा. लोकांचे हाल दिसल्याशिवाय खिशात हात जात नाही कुणाचा.”

“नाही बांधणार.”

“तुमच्या जागी दुसरी ताई मिळेल आम्हाला.”

“मिळेल की. पण तिलाही फळी वाजवावी लागेल. हे लोक आता तसं आत येऊ देत नाहीत.”

पाहुणे आले तेव्हा चादरी जिथल्या तिथं होत्या. व्यवस्थापकांच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण चेहरा गोड ठेवून ते पाहुण्यांना फिरवत होते. कोपऱ्यापाशी येऊन ते म्हणाले, “ही फार दुःखी केस आहे, बघाच तुम्ही,” आणि त्यांनी चादरीला हात घातला.

ताई मध्ये उभी राहिली. नोकरी गेली तर घरचं अवघड होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. पण चादर सरली तर आतून आलेली ती टकटक पुन्हा कधीच येणार नाही, हेही माहीत होतं.

“ही केस नाही. हे घर आहे,” ती म्हणाली.

पाहुणे गोंधळून म्हणाले, “मग मी काय करायचं?”

“वाजवा आणि थांबा.”

त्यांनी फळी वाजवली. आतून काहीच आलं नाही. व्यवस्थापक घाम पुसत म्हणाले, “ती बोलतच नाही हो, उगाच वेळ...”

“नाही,” आतून आवाज आला. घोगरा, गंजलेला, पण स्पष्ट. “आत्ता नको.”

चादरीबाहेर उभ्या असलेल्या आजीनं मटकन खाली बसून तोंडाला पदर लावला. ताईनं पाहुण्यांकडे पाहिलं. “ऐकलंत ना? नको म्हणतेय. चला.”

आणि पाहुणे खरंच वळले. जाताना व्यवस्थापक ताईच्या कानाशी पुटपुटले, “उद्या ऑफिसात भेटा.” ताई म्हणाली, “भेटेन. कोपऱ्यातली फेरी झाली की.”

दुसऱ्या दिवशी ताईनं फळी वाजवली आणि थांबली.

“ताई, तुम्हीसुद्धा थांबा,” आतून आवाज आला. “केस विंचरतेय.”

“सावकाश होऊ दे गं,” ताई म्हणाली. ऑफिसचा शिपाई तिला शोधत येताना दिसला, तेव्हा एक खोकं ओढून ती चादरीबाहेर ठाण मांडून बसली.