व्याह्यांची पहिली तार

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या फटक्यात पास केलेली नाही. अपवाद एकच, माझी मुलगी. तिला त्यांनी कांदेपोह्यांच्या पहिल्याच घासाला पसंत केलं आणि त्या उपकाराखाली मी अजून दबलेलो आहे. कोलशेतच्या एका कारखान्यात तीस वर्षं ते तपासणी खात्यात होते. समोर येईल तो माल उलटापालटा करून नापास करायचा, हेच काम. निवृत्त झाले तरी हात काही थांबला नाही. कोपरच्या बाजारात ते काकडी विकत घेण्याआधी एक डोळा मिटून ती सरळ आहे का ते बघतात. लग्नात मी मोठ्या नम्रतेने श्रीफळ पुढे केलं, तर त्यांनी ते आधी हलवून पाहिलं आणि आत पाणी आहे याची खात्री झाल्यावरच नमस्कार केला.

पण त्यांच्या व्हायोलिनपुढे श्रीफळाचं काय घेऊन बसलात! भारतीय बैठकीने मांडी घालून, व्हायोलिन छातीशी टेकवून ते रोज संध्याकाळी बसतात, आणि त्या व्हायोलिनची पहिली, सगळ्यांत बारीक तार शिट्टी मारत असे. गज दुसऱ्या तारेवरून पहिलीवर आला की सुराऐवजी कुकरची रिंग गळावी तसा आवाज. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी या न्यायाने व्याह्यांनी आधी गजाला घासायची राळ बदलली, मग गजाचे केस, मग तारांखालची घोडी. शेवटी तारांकडे वळले. देशी, विलायती, सोन्याचं पाणी दिलेली, अशा कितीतरी तारा पाकिटांत घालून प्रत्येकीवर शेरा लिहिला. हे शेरे मात्र त्यांचे स्वतःचे नव्हते. दारात जो येईल त्याला बसवून ते वाजवून दाखवत आणि विचारत, "शिट्टी आली का हो?" गॅसवाला सिलिंडर खाली न ठेवताच म्हणाला होता, "काका, एक नंबर! इथे सही मारा." त्या पाकिटावर 'उत्तम' असा शेरा पडला.

मुलं परदेशात गेल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ठाण्याहून कोपरला जातो. दोघांच्याही घरात बोलायला भिंती. विहीणबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. चहा व्याही स्वतः करतात आणि तोही पहिल्या घोटाला नापास करतात. मग मला समोर बसवून गज ओढत. एका रविवारी लावलेली सोन्याची तार तर सगळ्यांत वाईट होती, कान किटले. "शिट्टी आली का?" त्यांनी विचारलं.

आता मी पडलो मुलीचा बाप. जावयाच्या वडिलांना तोंडावर कसं सांगणार? आमच्या वडिलांनी तर त्यांच्या व्याह्यांच्या घरचं खारट पिठलं मागून घेऊन खाल्लं होतं. मी म्हणालो, "छे छे! शिट्टी कुठली? अगदी गोड."

त्यांनी पाकिटावर लिहिलं, 'पास'. एवढ्यावर थांबते तर बरं होतं. पण सव्वीस जानेवारीला त्यांच्या सोसायटीत सत्यनारायण असतो. तिथे त्यांनी विहीणबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच चारचौघांत वाजवायचं ठरवलं. तार सोन्याची, वर माइक. पहिल्याच आलापात मांडवभर शिट्टी घुमली. मागच्या पोरांनी तोंडात बोटं घालून उत्तर दिलं. लोक हसले. मला वाटलं, व्याही उठून जातील. पण ते खुलले. पोरांना आवडलं अशी त्यांची समजूत झाली आणि त्यांनी तीच जागा पुन्हा घेतली. मग तिसऱ्यांदा. अखेर सेक्रेटरींनी कानाशी वाकून काहीतरी सांगितलं, तेव्हा त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि प्रसाद न घेताच घरी गेले. मी पहिल्या रांगेत बसून हे सगळं पाहिलं. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या वाद्यांच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "साध्या पोलादी तारेला ही खोड असतेच, साहेब. सोन्याचीला जास्त. वरून बारीक पट्टी गुंडाळलेली लावा." ती घेऊन मी तडक कोपर गाठलं.

"व्याही, त्या तारेची शिट्टी मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती," मी म्हणालो.

"येत होती?"

"हो. पण मी मुलीचा बाप..."

"मला ऐकू येत नाही हो," ते म्हणाले. "पाच-सहा वर्षं झाली, बारीक आवाज कानात शिरतच नाहीत. ही होती तोवर स्वयंपाकघरातून ओरडायची, 'अहो, आली शिट्टी!' तिने कधी भीड धरली नाही. ती गेल्यावर दिसेल त्याला विचारत सुटलो. म्हटलं, व्याही तरी खरं सांगतील."

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी तार चढवली, खुंटी पिळली, जुळवली आणि गज ओढला. दुसऱ्या तारेवरून पहिलीवर, स्वच्छ. पुन्हा, पुन्हा स्वच्छ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आली?"

"नाही."

"खरंच?"

"मुलीची शप्पथ, नाही आली."

"बरं, बरं," ते हसून म्हणाले. मी त्यांना 'अगदी गोड' म्हणालो होतो तेव्हा माझ्या चेहऱ्यावर जी अदब असेल, तीच आता त्यांच्या चेहऱ्यावर होती. पाकिटावर त्यांनी काहीच लिहिलं नाही.

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. तार खरंच शिट्टी मारत नाही. तरी पहिलीवर येण्याआधी त्यांचा गज अडतो, ते माझ्याकडे बघतात, मी 'नाही' म्हणून मान हलवतो, आणि ते पुन्हा खालच्या तारांवर वळतात. मी खरं बोलतोय हे त्यांना पटवून देईल असं माणूस आता त्या घरात नाही.