गाडी भरून पाहा, मग भाव बोला

आमच्या मोताळ्यात वास्तुशांती असो, बारसं असो की तेरवी, स्वयंपाकाला वंदनाच हवी असं लोक म्हणतात. ती माझ्या समोरच्या घरात राहते. मी सकाळी पोथी घेऊन ओट्यावर बसले की समोर तिचे गंज, म्हणजे रांधायची मोठाली पातेली, आणि पराती उन्हात पालथ्या घातलेल्या दिसतात. तिच्या हाताखाली चार बाया आहेत. दोनशे पानांचं जेवण त्या अकराच्या आत तयार ठेवतात आणि वरणात मीठ कधी चुकत नाही. चुकायचं ते वाहन. लग्नसराईत दुसरीकडे जास्त भाडं मिळालं की टेम्पोवाला फोनच उचलायचा नाही.

या चैत्रात देऊळघाटच्या भगवंतरावांचा तिला फोन आला. तिथे सात दिवसांचा सप्ताह, रोज दोन्ही वेळचं जेवण. एका दिवसापलीकडचं काम वंदनाला आजवर कोणी दिलं नव्हतं. पण भगवंतरावांची अट होती, "सकाळी सहाले चूल पेटली पाह्यजे बाई. सोताची गाडी असंन तं हो म्हणा, नाहीतं मी शहरातला केटरर सांगतो."

फोन ठेवून ती तडक माझ्याकडे आली. "काकू, मी हो म्हणून टाकलं."

"आणि गाडी?"

"ते आता पाहू. दहा दिवस हायेत ना!"

गाडी घ्यायची म्हटलं की गावात मतांना तोटा नसतो. तिचा नवरा गोपाल कारकून आहे. त्याचं म्हणणं, घ्यायची तर नवीच, जुनी घेतली तर ऑफिसात हसतील. चौकशी केली तर नव्या गाडीसाठी तीन महिने थांबा म्हणाले. दीर हरिओमचं मत वेगळं. "वहिनी, उंच गाडी घ्या. रोडवर वजन पडते."

"वजन माह्या गंजात हाये भाऊ. ते गाडीत मावते का तेवढं सांग."

माझा गुरुवारचा उपास होता, तरी मी तिच्यासोबत मलकापूरला जुन्या गाड्यांच्या दुकानात गेले. तिने सगळ्यात मोठा गंज बरोबर घेतला होता. बसमध्ये त्याचं अर्धं तिकीट काढा म्हणून कंडक्टर चिडवत होता. दुकानातल्या मुलाने एक पांढरी, उंच, अत्तर मारलेली गाडी पुढे केली. सहा वर्षं वापरलेली, पण भाव असा की मला वाटलं हा मुलगा चुकून नव्या गाडीचा आकडा वाचतोय.

"मार्केट तेज आहे ताई. उद्या याल तर हीसुद्धा नसेल," तो म्हणाला.

वंदनाने डिकी उघडून गंज आत ठेवला. दार काही लागेना.

"ताई, या गाडीत लोक फिरायला जातात."

"मी फिराले नाही, रांधाले जाऊन राह्यली. अन् उद्या नसली तं नसू द्या. मले आज असून तरी काय उपयोग?"

अशा आणखी तीन गाड्या पाहिल्या. कुठे दार लागेना, कुठे पाचव्या बाईला बसायला जागा उरेना. सातवा दिवस उजाडला तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला होता. नाही म्हणून कळवायची वेळ आली तर पुन्हा कोण विचारणार, हीच तिला काळजी.

त्याच दिवशी कळलं की आपल्याच गावात, वामनराव गुरुजींची जुनी व्हॅन विकायची आहे. चौकोनी, बाजूला सरकणारं दार, रंग उडालेला. हरिओम पोट धरून हसला. "वहिनी, हा तं बिस्किटाचा डबा हाये!"

"मंग भरून पाहू डबा," वंदना म्हणाली. "रिकामी गाडी कोनाचीबी पळते."

मागची सीट दुमडली. पाण्याने भरलेले दोन गंज दोरीने बांधून उभे केले. सरपणाची दोन पोती, पराती, चारही बाया आणि मी. पुढे हरिओम चालवायला, शेजारी वंदना. गुरुजी म्हणाले, "अहो, गाडी विकायची आहे, मारायची नाही." पण अडवलं नाही त्यांनी.

देऊळघाटच्या वाटेवरच्या राजूर घाटात गाडी दुसऱ्या गियरवर चढत होती. मी डोळे मिटून गजानन महाराजांचं नाव घेत होते. ऐन चढाच्या वळणावर वंदना म्हणाली, "थांबव. इंजन बंद कर."

"येथी? काऊन वहिनी, पागल झाल्या का?"

"सकाळच्या पारी पुढं ट्रक अडकला तं थांबाच लागन ना? कर बंद."

हरिओमने हँडब्रेक ओढला. गंजातलं पाणी डचमळलं. मग त्याने चावी फिरवली. गाडी क्षणभर घुरघुरली आणि सरळ वर निघाली. मागे गेली नाही, क्लच जळल्याचा वास नाही. बुलढाण्यात पोचल्यावर हरिओम खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टपावर थाप दिली. "मानलं वहिनी. रेडा हाये रेडा!"

परत आल्यावर गुरुजींनीही बाजारभावच सांगितला. वंदनाने त्यांना दोन झिजलेले टायर हात लावून दाखवले. गोपाल म्हणाला, "एसी बी बंद हाये, त्याचे कमी करा." गुरुजी हसले. म्हणाले, "कमी करतो. एवढा विचार करून गाडी घेणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही."

लायसन वंदनाने दोन वर्षांपूर्वीच काढलं होतं, पण तिच्या हाती स्टेअरिंग कोणी देत नव्हतं. उरलेले दोन दिवस ती हरिओमला शेजारी बसवून घाट चढली आणि उतरली. हरिओमचा आवाज बसला, तिचा हात बसला.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मी नारळ फोडला आणि मीही निघाले. घाटात गाडी तिनेच चढवली. देऊळघाटच्या मंडपासमोर गाडी लागली तेव्हा साडेपाच झाले होते. स्वयंपाकाच्या शेडला कुलूप! तिने हॉर्न दिला, पुन्हा दिला. भगवंतराव खांद्यावर टॉवेल टाकून, तोंडात ब्रश घेऊन धावत आले. आधी गाडीकडे पाहिलं, मग स्टेअरिंगवरच्या बाईकडे.

"तुमी सोता चालवत आणली?"

"हाव दादा. कुलपाची चावी कोनापाशी हाये? आमी कवाच्या येऊन बसलो."

चावी आणायला ते तसेच उलटे पळाले. तोवर बायांनी अर्धी गाडी रिकामी केली होती.