सहारातली बोडी

ओल्या भुशाचा वास आला की मला देवरीच्या शाळेचं अंगण आठवतं.

मोठा भाऊ इंग्रजांच्या फौजेतून लढाईवर आफ्रिकेत होता. 'इथं नुसती रेती आहे,' असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. ती कुठं आहे ते बाबांना कळावं म्हणून गुरुजींनी अंगणात चिखलाची आफ्रिका केली. वारुळाच्या मातीचा किलिमांजारो, बोटानं ओढलेली नाईल आणि वरच्या अंगाला धानाच्या भुशाचा सहारा.

बाबा बराच वेळ बघत राहिले. "एवढ्या मुलखात एकबी बोडी काऊन नाही जी, गुरुजी?"

"तिथं पाऊसच पडत नाही."

बाबा खाली बसले. आमच्याकडे धानासाठी बोडी, म्हणजे छोटं तळं बांधतात, तशी त्यांनी भुशात चिखलाची पाळ घातली आणि लोटाभर पाणी ओतलं. ते लगेच जिरलं. पोरं हसायला लागली.

"जाय वो, आणखी एक लोटा आन," बाबा मला म्हणाले.

मला लाज वाटली. मी जागची हलले नाही.

त्यानंतर भावाचं पत्र आलं नाही, भाऊही आला नाही. बाबांनी तो लोटा पुन्हा कधी काढला नाही. शाळेची विहीर अंगणापासून दहा पावलांवर होती.