मुलाच्या मोबाईलात मी अडकले

आधी हातातला चहा संपवा, मग सांगते. मागच्या वेळी सांगताना आमच्या विहीणबाईंच्या नाकातून चहा आला होता. सत्तर वर्षांत मी पुष्कळ घोळ घातलेत, पण हा घोळ सगळ्यांचा बाप.

नायगावच्या चाळीत माझा जन्म गेला. तिथे कॅमेरा लागतो कुणाला? दारं सताड उघडी, आणि आपण शिंकलो तर चौथ्या खोलीतून 'सर्दी झाली काय गो?' अशी हाक. अख्खी चाळच कॅमेरा. मग चाळ पाडली, टॉवर झाला, आम्हाला चौदावा मजला मिळाला. आता दारं सगळी बंद. त्यात एकदा मी न्हाणीघरात पाय घसरून आपटले. मोडलं काही नाही, पण माझा मुलगा दिलीप पनवेलला राहतो, तो हट्टालाच पेटला.

"आये, एकटीने राहायचं नाही आता. चल पनवेलला."

पनवेलला जाऊन मी करू काय? सून कामाला, नातू शाळेत, खाली उतरलं तर ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. इथे समोरच्या दारात सुनंदा कांबळे आहे. चाळीत आमची दोघींची भिंत एक होती, एकीने फोडणी दिली की दुसरी खोकायची. तिला सोडून जाऊ?

शेवटी तह झाला. हॉलमध्ये कॅमेरा लावायचा, दिलीप मोबाईलवर मला बघणार. आणि माझी साखर वाढलीय, तर गोड बंद. दोन्हीतलं एक जरी मोडलं, तर बोचकं बांधायचं.

दिलीपने येऊन कॅमेरा भिंतीवर ठोकला. खाली टीव्हीशेजारी वायफायचा डबा ठेवला, दिवे लुकलुकणारा. जाताना बजावलं, "आये, सगळं काम या डब्याचं. याला काही झालं तर मला काही दिसणार नाही. जिवापाड जप."

जपायचं कसं ते आम्हाला शिकवायला नको. त्याची पाठ वळल्यावर मी तो जपला. कुठे, ते येईलच पुढे.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. "आये, चित्र अडकतंय. तू मोरीकडे चाललेली दिसतेस, मग एकदम खुर्चीत दिसतेस. मधली आये गायब."

मी म्हटलं, "मधली पण इथेच आहे रे."

त्याने तिथून काय काय केलं. कॅमेरा बंद करून चालू केला. चित्र जरा कमी स्वच्छ केलं, म्हणजे म्हणे भराभर येतं. येईना. मग माझी उलटतपासणी.

"डबा जागेवर आहे ना?"

"अगदी जागेवर."

"त्याच्यापुढे काही ठेवलं नाहीस ना? भांडंबिंडं?"

"पुढे काही नाही." खोटं नाही बोलले हां मी.

"दिवे लागलेत का बघून ये."

मी आतल्या खोलीत गेले, बघितलं, परत आले. "लागलेत."

तर हा फोनवर खूश. "आये, आत्ता काय मस्त दिसत होतं. रिकामी खुर्ची, पंखा, कॅलेंडरवरची तारीखसुद्धा वाचली मी. अगं, तू आलीस आणि पुन्हा अडकलं."

"परत जाऊन बघू काय?"

"जा."

गेले, बघितलं, आले. तेच. मी हॉलमध्ये नसले की चित्र साफ, मी आले की अडकलं. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

आता सांगा, तुम्ही काय समजला असता? दोष माझाच की. माझ्या चालण्याला आधीपासून नाव आहे. आमचे हे गिरणीतून येऊन म्हणायचे, तुझ्या पायाला चाकं लावलीत काय. मला वाटलं, त्या बारीकशा कॅमेऱ्याला माझा वेग झेपत नाही. बाई जरा हळू चालली तर बिचाऱ्याला दम तरी खाता येईल.

झालं. सकाळपासून मी हळू. पाऊल उचलायचं, हवेत धरायचं, मनात दहा मोजायचे, मग टेकायचं. चहाची पातेली ओट्यावरून टेबलापर्यंत आणीस्तोवर चहावर साय धरली. केस विंचरताना कंगवा डोक्यात रोवून तशीच उभी. जांभई आली, तीसुद्धा सावकाश दिली.

तिकडे दिलीप ऑफिसात मोबाईल उघडून बसलेला. त्याला काय दिसलं असेल? आई एका पायावर, तोंड उघडं, हात डोक्यात, आणि दोन मिनिटं तशीच. त्याने सुनंदाला फोन लावला.

सुनंदा हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. तिच्याकडे माझी किल्ली असते. दार उघडून बघते तर मी खोलीच्या मधोमध, एक पाय वर.

"मावशी, काय झालं? कंबर धरली?"

मी दात न उघडता पुटपुटले, "बोलू नको. चित्र बिघडेल."

सुनंदा दोन पावलं मागे सरकली आणि फोनमध्ये म्हणाली, "दादा, मावशी उभ्या आहेत पण हलत नाहीत. बोलतात, पण तोंड हलत नाही. आणि चित्र बिघडेल, चित्र बिघडेल असं काहीतरी बरळतायत. तुम्ही याच."

दिलीप आला तो टॅक्सीने. चेहरा पांढराफटक, हातात रिकामी बॅग. बॅग कशासाठी आणलीय ते मी ओळखलं. मी त्याला सगळं समजावलं, भराभर चालून दाखवलं, खाली बसून उठून दाखवलं. पण जे पोर आईला दोन मिनिटं बगळ्यासारखी उभी बघतं, ते ऐकतंय थोडंच.

"आये, बस झालं. तह मोडला. तुझी लुगडी भरतो."

सुनंदाने डोळ्यांना पदर लावला. तिच्या हातात दिलीपचा मोबाईल होता, त्यात कॅमेरा चालूच होता. मी म्हटलं, भर बाबा. आतल्या खोलीत माझं लोखंडी कपाट आहे, लग्नातलं. दिलीप त्याच्यापाशी गेला आणि थांबला.

"आये, कपाटाला नाडी का बांधलीय?"

"दार लागत नाही ना पुरतं. वायरी मध्ये येतात."

"कसल्या वायरी?"

त्याने नाडी सोडली, फटीत कोंबलेलं फडकं काढलं, दार उघडलं. वरच्या कप्प्यात माझं डोरलं, रेशनकार्ड, ह्यांचा गिरणीतला पास, आणि त्यांच्यामध्ये जुन्या नऊवारीच्या चार घड्यांत गुंडाळलेला तो डबा. लुगड्यातून दिवे लुकलुकत होते, पाळण्यातल्या बाळासारखे.

हॉलमधून सुनंदा ओरडली, "दादा, चित्र एकदम साफ आलं हो!"

दिलीपने डब्याकडे बोट दाखवलं. "आये, हा इथे?"

"जिवापाड जप म्हणालास ना? मग जिवापाड वस्तू मी आणखी कुठे ठेवू?"

लोखंडातून त्या डब्याची हाक बाहेर जात नाही, त्याला मोकळी आणि उंच जागा लागते, हे मला तेव्हा कळलं. मी दिवे बघायला दार उघडायची तेवढीच त्याला तोंड उघडायला सवड मिळायची. आणि मी आपली पाय उचलून दहा मोजत होते.

दिलीप जमिनीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग उठून डबा टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवला, उघडाबोडका. चित्र असं लख्ख, की माझ्या पातळावरची हळद दिसावी. बॅग रिकामीच परत गेली. जाताना नातवासाठी मी बेसनाचे लाडू बांधून दिले.

तो गेला, दार लागलं, आणि मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. घर राहिलं, सुनंदा राहिली. खुर्चीत टेकले. लाडवांच्या डब्यात चार उरले होते. म्हटलं, आजच्या दिवशी एक.

फोन वाजला. दिलीप टॅक्सीतूनच.

"आये, तो लाडू खाली ठेव."

मी म्हटलं, "कसला लाडू? मघाचं चित्र अडकलं असेल रे तुझं."

"काही अडकलेलं नाही आये. हा दुसरा आहे, पहिल्याचा चुरा तुझ्या हनुवटीवर आहे."

बोचकं टळलं, पण आता लाडवांचा डबा त्या कपाटात असतो. नाडीची गाठ सुनंदा मारून जाते, आणि गाठ सुटली की नाही ते रोज येऊन बघते. तिला कॅमेरा लागत नाही.