माळीवाड्यातलं ब्राझील

आमच्या नगरात ब्राझीलची जुनी गाणी वाजवणारा एक ताफा होता, असं सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. काढू देत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, माळीवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत तो चालला. चार जण होतो. थोरला भाऊ, म्हणजे दादा, क्लॅरिनेटवर. मिशनच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर गिटारवर. लग्नाच्या बँडमधला एक ढोलवाला. आणि मी. मी प्राथमिक शाळेत शिकवत होतो आणि मला काहीही वाजवता येत नव्हतं, म्हणून वाळक्या भोपळ्यात ज्वारी भरून केलेला खुळखुळा माझ्या हातात दिला होता. मास्तर ह्या सगळ्याला जॅझ म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो.

दादाही बँडमध्येच होता. वहिनी पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. तेरावं होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच एका वरातीची सुपारी आली. दादानं लाल कोट चढवला, घोड्यावरच्या नवरदेवापुढं नाचाची गाणी वाजवली, घरी आला आणि क्लॅरिनेट फळीवर ठेवून दिली. त्यानंतर वर्षभर तिला हात लावला नाही. वाढलं तर जेवायचा, विचारलं तर बोलायचा. आईनं हात टेकले होते. हा एक दिवस विहीर जवळ करील, अशी मला सारखी धास्ती असायची. ते मी कुणाजवळ बोललो नाही, पण शाळेतून घरी येताना माझी पावलं आपोआप भरभर पडायची.

अशात कॅम्पातल्या एका साहेबाची बदली झाली आणि त्यानं सामान विकायला काढलं. मास्तरांनी त्यातून एक जुना रेकॉर्डप्लेअर आणला आणि त्यांच्या घरी वीज नसल्यामुळं आमच्याकडं आणून ठेवला. सोबत रेकॉर्ड एकच. तिच्यावर इंग्रजीत ब्राझील लिहिलेलं मास्तरांनी वाचून दाखवलं. दादानं आधी यंत्र उघडलं आणि आत जे जे फिरत होतं त्याला तेल दिलं. सायकल असो की शिवणयंत्र, तेल दिल्याशिवाय तो कुठल्याही यंत्राला चालवू द्यायचा नाही. मग मास्तरांनी सुई ठेवली.

बाई गात होती. जड, खोल आवाज. प्रत्येक शब्द उचलताना तिला कष्ट पडत होते. मागं एक वाद्य कण्हत होतं. भाषा कळण्याचा प्रश्नच नव्हता. दादा भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"हिचं कुनीतरी गेलंय," तो म्हणाला आणि त्यानं फळीवरची क्लॅरिनेट खाली काढली.

ते दिवस दुष्काळाचे होते. लग्नं देवळात उरकत होती, बँडला कुणी विचारत नव्हतं. ढोलवाला दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायचा आणि संध्याकाळी सुजलेली बोटं घेऊन आमच्याकडं यायचा. ह्या गाण्यांना बडवून चालत नाही हे ध्यानात आल्यावर तो केरसुणीच्या काड्यांची जुडी कातड्यावरून फिरवू लागला. आई केरसुणी लपवून ठेवायची, तो शोधून काढायचा. मास्तर आणि दादा एकेक ओळ पुन्हा पुन्हा ऐकून बसवत. एक अडचण मात्र कायम होती. बाईचा सूर क्लॅरिनेटच्या कुठल्याच पट्टीत नीट बसायचा नाही, दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठंतरी अडकायचा. दादानं क्लॅरिनेटचे सांधे ओढून, दोरा गुंडाळून तो सूर गाठला. मास्तरांनी गिटारच्या तारा सैल केल्या.

"हिची पट्टीच दुखाची हाय," दादा म्हणायचा.

आम्ही ती सगळी गाणी बसवली. दादा पुन्हा माणसात आला. आईला हाक मारू लागला, माझ्या खुळखुळ्यावरून मला चिडवू लागला. एकदा तो मला म्हणाला, "नगरात मला समजंल असं कुनी न्हाई. पर तिकडं एक बाई हाय." मला हसू आलं नाही. त्या बाईचे उपकार मला आजन्म फेडता आले नसते. दर रविवारी तो रेकॉर्डप्लेअर उघडून पुसायचा आणि तेल द्यायचा. घरातल्या देवाचंही एवढं कुणी करत नव्हतं.

मिशनच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंचा भाऊ सुट्टीला आला होता. गोव्याचा माणूस, बोटीवरच्या बँडमध्ये वाजवणारा, ब्राझीलच्या बंदरांत राहून आलेला. मास्तर हट्टानं त्याला घेऊन आले. तो मुंबईत कुठंतरी आमचा कार्यक्रम ठरवील, अशी त्यांना आशा होती. आम्ही वाजवलं. त्या दिवशी वाजवलं तसं पुन्हा कधी जमलं नसतं. दादाचे डोळे मिटलेले होते.

पाहुण्यानं मूळ रेकॉर्ड ऐकायला मागितली. दोन ओळी ऐकल्या आणि सुई उचलली. यंत्र उघडलं, आतल्या रबरी चाकाला बोट लावलं आणि बोट आम्हाला दाखवलं. तेलानं चकाकत होतं.

"ह्याला तेल द्यायचं नसतं," तो म्हणाला. "चाक घसरतं. गाणं संथ चालतं, सूर उतरतो."

त्यानं बहिणीकडून स्पिरिट मागवलं, चाक पुसलं आणि सुई ठेवली. खोलीत एक पोरगी गायला लागली. पातळ, मोकळा आवाज. मागचं वाद्य टुणटुण उड्या मारत होतं. ढोलवाल्याची मान आपोआप हलायला लागली.

"काय म्हनती ती?" दादानं विचारलं.

"रविवारी समुद्रावर या म्हणते. येताना ढोल आणा म्हणते." पाहुणा हसला. "नाचायचं गाणं आहे हे."

त्या माणसाचा मला आजही राग येतो. त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, वागण्यात खोट नव्हती, निघताना त्यानं दादाच्या फुंकेचं मनापासून कौतुकही केलं. तरी येतो. न मागता सत्य घेऊन दारात उभी राहणारी माणसं मला तेव्हापासून नकोशी झाली आहेत.

दादानं रेकॉर्डची ती बाजू उभ्या उभ्या पूर्ण ऐकली. मग खाली बसला.

"हिचं तर काईच गेल्यालं न्हाई रे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो परसात असताना मी यंत्र उघडलं आणि रबरी चाकावर तेलाचे दोन थेंब सोडले. सुई ठेवली. तीच आली, आमची, जड पावलांची. मला फार आनंद झाला. मी दादाला हाक मारायच्या आतच तो दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं थोडं ऐकलं. मग पुढं येऊन हलक्या हातानं सुई उचलली.

"राहू दे," तो म्हणाला. "आता ती कशीबी गायली तरी हसतानाच ऐकू येती."

त्यानं क्लॅरिनेटच्या सांध्यांवरचा दोरा सोडवला, नीट गुंडाळी करून आईच्या शिवणाच्या डब्यात टाकला आणि क्लॅरिनेट फळीवर ठेवून दिली. त्या संध्याकाळपासून मी पुन्हा शाळेतून भरभर घरी यायला लागलो.