दहापर्यंत मोजणारी सुजाता

सुजाता, कुणालाही प्रश्न विचारला की, मांडीवर ठेवलेल्या हातांची बोटं एकेक करून दुमडायची. सुरुवातीला मला वाटलं, हिला कसली तरी खोड आहे. एकदा विचारलंच. म्हणाली, "दहापर्यंत मोजते गं. प्रश्न विचारला ना, की दहा होईपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही. गप्प बसणं माणसाला सोसत नाही. सातव्या-आठव्या बोटाला तो खरं बोलतो." मी हसले होते. पार्ल्याच्या आमच्या घरात प्रश्न विचारणारा माणूस उत्तरही स्वतःच देतो, त्यामुळे मला ही पद्धत नवीन होती.

अंधेरीला, चकाल्याच्या एका मोबाईल ॲप बनवणाऱ्या कंपनीत आम्ही चार इंटर्न होतो. चौघांतल्या एकालाच कायम करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुजाताचं घर मानखुर्दला. वडील लहानपणीच गेलेले, आई घाटकोपरला चार घरी स्वयंपाक करायची आणि त्यावर ही शिकली. तिला नोकरी का हवी होती हे सांगायला नको. मला का हवी होती? सगळी मावस-चुलत भावंडं नोकरीला लागली होती आणि लग्नाकार्यात भेटणारी प्रत्येक काकू मला "तुझं अजून शिकणंच चाललंय का गं?" असं विचारायची. एवढंच कारण. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

कुणी छान रंगीत आराखडा दाखवला की सुजाता म्हणायची, "कागदावर सगळेच शहाणे. विचारलंस का कुणाला?" एकदा मी म्हाताऱ्या माणसांसाठी एक स्क्रीन काढली होती. ती माझा फोन घेऊन सरळ खाली गेली आणि वॉचमनकाकांच्या हातात देऊन समोर बसली. काकांना माझं बटण सापडेना. मी मदत करायला पुढे झाले तर तिने माझा हात धरला. "तू काय त्यांच्या घरी जाणारेस का रोज बटण दाखवायला?" मला राग आला होता, पण बटण मोठं केलं.

मग आमचा डिझाइन स्प्रिंट आला. सोमवारी लोकांशी बोलून अडचण समजून घ्यायची, मंगळवारी कल्पना काढायच्या, बुधवारी एक निवडायची, गुरुवारी ॲपचा नकली नमुना उभा करायचा आणि शुक्रवारी तो पाच खऱ्या माणसांच्या हातात द्यायचा. आमचा वरिष्ठ निखिल याला पाच दिवसांत जग बदलायचं होतं. विषय होता घरकामाला बाई शोधण्याचं ॲप. आधीच्या घरांनी बाईबद्दल मत लिहायचं, पाचपैकी तारे द्यायचे. सुजाताने पहिल्याच तासाला विचारलं, "आणि बाईने घराला तारे कुठे द्यायचे?"

"मस्त पॉइंट आहे यार," निखिल म्हणाला. "पार्क करूया." भिंतीच्या कोपऱ्यात 'नंतर बघू' असा एक कागद लावलेला होता. आठवडाभर तिचे सगळे प्रश्न तिथे जाऊन बसले.

सोमवारी जे ऐकलं ते पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला चिकटवायचं होतं. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही असा नियम. "चिठ्ठीला आडनाव नसतं," हे निखिलचं लाडकं वाक्य. सुजाता आदल्या दिवशी आईशी बोलली होती. तिच्या एका चिठ्ठीवर होतं: 'पोटात दुखतं तेव्हा घरी राहते. पण आजारी म्हटलं की काम जातं, म्हणून भाचीचा साखरपुडा आहे सांगते. एकाच भाचीचा तीनदा झाला.' नाव नव्हतं, पण सुजाताचं अक्षर मला ओळखू येत होतं आणि भाचीची गोष्ट तिनेच मला हसत हसत सांगितली होती.

गुरुवारी नमुन्यातला मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. सुजाता दिवसभर शुक्रवारसाठी माणसं गोळा करत बाहेर फिरत होती. "मजकूर खरा वाटला पाहिजे हं," निखिलने बजावलं. मला काही सुचेना. मी भिंतीकडे पाहिलं आणि ती चिठ्ठी उचलली. नाव घातलं सुनंदा. तारे दोन. मत: 'खोटी कारणं सांगून सुट्ट्या घेते. एकाच भाचीचा साखरपुडा तीन वेळा!' पोटदुखी मी गाळली. जागा नाही, असं स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की पोटदुखी घातली असती तर दोन तारे देणारी मालकीण वाईट दिसली असती आणि ॲप तर तिलाच विकायचं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

शुक्रवारी पहिल्या चार कामवाल्या बायांना आणण्या-पोचवण्यात सुजाता खालीच अडकली होती, नमुना तिने पाहिलाच नव्हता. पाचवी बाई ऐन वेळी आलीच नाही. सुजाताने आईला फोन लावला. "आई, येतेस का गं? माझं काम तरी बघशील." तासाभरात आई आली. इस्त्रीची साडी, हातात आमच्या सगळ्यांसाठी शिऱ्याचा डबा. निखिल तिला घेऊन आतल्या खोलीत बसला आणि आम्ही बाहेर टीव्हीवर बघत होतो. "मावशी, वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचं," त्याने सांगितलं.

ती फोनवरचं अक्षर लावत वाचू लागली. "खोटी... कारणं... सांगून..." मग भाचीपाशी आली आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. म्हणाली, "हे तर मी फक्त पोरीला सांगितलं होतं." मग निखिलकडे बघून विचारलं, "हे सुजाताने केलंय?"

निखिलला वाटलं, आईला लेकीचं कौतुक ऐकायचंय. "हो मावशी! सुजाताचीच टीम. छान झालंय ना?"

"छान आहे," ती म्हणाली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

बाहेर सुजाताने माझ्याकडे पाहिलं. "मैत्रेयी, हे कुणी लिहिलं?" तिची बोटं दुमडायला लागली. दार चार पावलांवर होतं. मी उठून आत जायचं आणि म्हणायचं, मावशी, हे मी लिहिलं, सुजाताने नाही. बाकी काही नको होतं. पण कायम कुणाला करणार, ते नाव संध्याकाळी जाहीर व्हायचं होतं. मी टीव्हीकडे बघत राहिले. दहा बोटं झाली तशी सुजाता उठली, आईला घेऊन घरी गेली आणि परत आली नाही. शिरा आम्ही खाल्ला. संध्याकाळी नाव माझं जाहीर झालं. मजकूर अगदी खरा वाटतो म्हणून निखिलने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. ते ॲप वर्षभरात बंद पडलं. मी अजून तिथेच आहे.

गेल्या वर्षी कळलं, सुजाताची आई गेली. कुर्ल्याला गाडी बदलून मी मानखुर्दला गेले. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी आईचा फोटो लावला होता. सुजाता आता एका शाळेच्या ऑफिसात काम करते. मला पाहून दचकली नाही की चिडली नाही.

"पोटाचंच होतं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, कितीतरी वर्षं दुखत असणार. त्या शुक्रवारनंतर मला एका शब्दाने बोलली नाही. मी विचारलं की म्हणायची, 'तुला सांगितलं की मोबाईलवर येतं.' वाटायचं, चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती गं."

मी म्हटलं, "सुजाता, ते मी लिहिलं होतं."

"माहितीये. चिठ्ठी माझी होती, ती माझी चूक. पण ॲपमधलं मी नाही लिहिलं, हे आईला शंभरदा सांगितलं. तिला पटलं नाही. दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं होतं." मग तिने हात मांडीवर ठेवले. "का नाही बोललीस त्या दिवशी?"

बोटं दुमडायला लागली. मला सांगायचं होतं, घाबरले होते, लहान होते, एवढं होईल असं वाटलं नव्हतं. पण आठव्या बोटाला मी म्हणाले, "नोकरी हवी होती."

तिने उरलेली दोन बोटंही दुमडली, मला आणखी काही म्हणायचं असेल म्हणून. मला नव्हतं.