पप्पांच्या गाडीतला लाल दिवा

नायगावची आमची चाळ आता पाडणार असं कळलं आणि आईने हट्ट धरला, त्याआधी एकदा खोली बघायची. टॅक्सी करू म्हटलं, तर म्हणाली, "ह्यांच्या गाडीतून नेशील तर येईन, नाहीतर राहू दे." पप्पांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांची जुनी गाडी परळला, आम्ही आता भाड्याने राहतो त्या इमारतीखाली उभी होती आणि किल्ली फिरवली की नुसती कटकट करायची.

लालबागचा बॅटरीवाला म्हणाला, बॅटरी गेली. नवी बसवली. आठवडाभर परळ-दादर केलं आणि तीही बसली. पप्पा असतानाही हेच चालायचं. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, पण स्वतःच्या गाडीबद्दल त्यांचं निदान एकच, "हल्ली बॅटऱ्याच चांगल्या येत नाहीत." ते वाक्य मला त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकायचं होतं. ते काही होणार नव्हतं, म्हणून मी बॅटरी चार्ज करून घेतली, व्होल्टचा मीटर आणला आणि मोबाइलवर बघून बघून शोध सुरू केला.

इंजिन बंद असताना बॅटरी साडेबाराच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू झालं की आकडा चौदाकडे जायला हवा, कारण अल्टरनेटर फिरून बॅटरी भरू लागतो. आमचा आकडा चढायचं सोडून उतरत होता. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, घट्ट होता. बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी भुकटी गरम पाण्याने धुतली. फरक शून्य. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आईला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, "हलकेच अ‍ॅक्सिलरेटर दाब."

आईने जन्मात गाडी चालवलेली नाही. तिने असा काही पाय दिला की वॉचमन धावत आला. मी मात्र मीटरकडे बघत होते. आकडा चौदाच्या वर गेला आणि तिथेच राहिला.

म्हणजे अल्टरनेटर धडधाकट होता, त्याला जागं करणारं कोणी नव्हतं. आमच्या गाडीसारख्या जुन्या गाड्यांत ते काम डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा करतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि त्यातून जाणाऱ्या जराशा विजेवर अल्टरनेटर कामाला लागतो. दिवाच नसेल, तर इंजिन जोरात पळवल्याशिवाय बॅटरी भरत नाही. परळ-दादरच्या ट्रॅफिकमध्ये जोरात पळायचं कुठे? मी किल्ली फिरवून पाहिलं. बाकी सगळे दिवे लागले, हा नाही. पॅनेल उघडलं तर बल्बची जागा रिकामी.

"तो मीच काढायला लावला," आई म्हणाली. "लाल दिवा दिसला की माझा जीव खालीवर व्हायचा. सारखी विचारायचे, काय बिघडलं हो? एक दिवस म्हणाले, घे, आता नाही दिसणार तुला."

आणि मग बॅटऱ्या बदलत राहिले. दोन्हींचा संबंध त्यांना माहीत होता का, कोण जाणे. माहीत असता तरी त्यांनी तो बल्ब परत लावला नसता, असं मला वाटतं. त्या क्षणी मला पप्पा इतके हवे होते, की पॅनेल तसंच मांडीवर घेऊन मी बसून राहिले.

बल्ब लावला. रविवारी आईला घेऊन नायगावला गेले. चाळीभोवती पत्रे ठोकले होते, आत सोडेनात. आमची इमारत अजून उभी होती, पण दारं-खिडक्या काढून नेल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर आमच्या खिडकीच्या जागी चौकोनी भोक होतं. पप्पा गाडी घेऊन आले की खालून हॉर्न द्यायचे आणि आई हातातलं काम टाकून त्या खिडकीत यायची.

"एकदा वाजव," आई म्हणाली.

मी हॉर्न दिला. आई गाडीतून मान बाहेर काढून वर बघत राहिली, जणू आता तिथे ती स्वतःच येऊन उभी राहील.